लष्कर, सातवी ब

मधल्या सुट्टीनंतरचा तास.
पोटात पराठे, डोळ्यांत झोप, पान एकशे बारा.
तहाची कलमं वाचून दाखवत होते,
वर पंखा दर फेरीला एकदा कण्हत होता.
मी पुस्तक मिटलं.
विचारलं, राहता कुठे तुम्ही?
लष्करात, मॅडम.
मग लष्कर कुठाय?

अडतीस मुलं खिडकीबाहेर बघू लागली,
जणू खरंच असेल कुठे,
रसवाल्याच्या चरख्यामागे दडून.

पत्त्यात रोज लिहितो तो शब्द म्हणजे
हजारो माणसं, घोडे, बैल,
उघड्यावर रटरटणारी डाळ,
आणि कुणीतरी म्हणणं, आज इथेच मुक्काम.
मुक्काम लांबला.
ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली दोनशे वर्षं झाली,
तंबू उठले नाहीत,
त्यांना भिंती फुटल्या.

कंपूतली पोरं मागच्या बाकांवर कंपू करूनच बसतात.
पलटणीचा शब्द होता तो,
आमच्या मराठीत टवाळांसाठी उरला,
असं सांगितलं तेव्हा ती हसली,
आणि जागी झाली.

इक्रारच्या वडिलांचं टेंट हाउस आहे.
सहामाहीत इतिहासात त्याला शंभरात अकरा.
हात वर न करताच तो उभा राहिला.
मॅडम, तंबू असा कुठेही ठोकत नाहीत.
आधी पाणी बघायचं. मग उतार.
मग मूठभर माती उडवून वारा.
चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला,
नाहीतर सगळं वऱ्हाड डोळे चोळत बसतं.
पाणी म्हणजे स्वर्णरेखा? कुणीतरी किंचाळलं.
तो तर नाला आहे!
तेव्हा नव्हता, मी म्हटलं,
आणि नाकावरची बोटं हळूहळू खाली आली.

दुसऱ्या दिवशी सायकलीवर लादून आला तो
चौदा खुंट्या, एक घण, सुतळीचा गुंडा.
मैदानात शिपाई व्हायला सगळेच तयार.
आठ बास, इक्रार म्हणाला,
बाकीच्यांनी कामं करा.
मग नालबंद झाले, पखालवाले, शिंपी,
बैलांची वैरण मोजणारी एक, उधारी लिहिणारा एक,
आणि काहीच वाट्याला न आलेला यश जादौन
आजारी हत्ती झाला,
कडुनिंबाखाली पसरून राहिला.

मी कारकुनाचं काम घेतलं.
घरी सांगत आलेत, आम्ही आलो फौजेमागून,
तलवार नाही, बोरू आणि दौत घेऊन.
वर्गात हे कधी बोलले नव्हते.
बोलले तेव्हा
छाती जरा फुगलीच.

रामसखी बघेल सुतळीच्या बाहेर उभी होती.
आत ये, म्हटलं, तू कोण?
ती म्हणाली, मी आधीपासून इथे आहे, मॅडम.
माझ्या बकऱ्या इथेच चरतात.
तुम्ही कुणाला विचारून खुंट्या ठोकल्या?

घण थांबला.
आजारी हत्ती उठून बसला.

मी पुस्तक चाळलं, पुढे, मागे, बारीक टाइपातल्या टिपा.
मग म्हटलं, मला माहीत नाही.
बावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य
पहिल्यांदाच तोंडातून गेलं.
सहा-सात वह्या उघडल्या.
बाकीच्यांना अजून हत्तीचं हसू येत होतं.

मुख्याध्यापकांनी मैदानातली भोकं मोजली. चौदा.
तीन धडे मागे आहात, हेही मोजलं.

घटक चाचणीत प्रश्न आला:
छावणी पडली ते साल लिहा. गुण एक.
इक्रारनं लिहिलंय,
साल आठवत नाही.
वारा पश्चिमेकडून होता.
चूल पूर्वेला लावली.
बकरीवालीचं नाव कारकुनानं लिहून घेतलं नाही.

लाल पेन घेऊन बसले आहे.
बाहेर लष्करात दिवे लागतायत.
समासात शून्य आणि एक
यांच्यामधली जागा
फारच थोडी आहे.